शिकाऊंसाठी सर्फबोर्ड: हाताने, व्हॅक्यूमने की साच्यात?

देवबागचा होडीवाला
मंडळी, वडिलांपासून आमच्याकडे फायबरच्या होड्यांच्या दुरुस्तीचं काम. सर्फिंग शिकवणाऱ्या एका मित्राने आठ फुटी सहा बोर्ड सांगितलेत. पहिला थर्माकोलवर केला. पॉलिस्टर रेझिन (होडीच्या फायबर कापडावर लावतो, मग कडक होतं ते) थर्माकोल खातं हे ठाऊक होतं, म्हणून आधी पांढऱ्या गमचे दोन हात दिले. तरी कुठेतरी टाचणीएवढं भोक राहिलं असणार. कापडावर रोलर फिरवताना कडेला बोट आत गेलं. कापून बघितलं तर आत नारळाएवढी पोकळी! फार जिवाला लागलं. आता एपॉक्सी रेझिन नक्की, ते थर्माकोल खात नाही. पण कापड-रेझिन हाताने लावू, व्हॅक्यूम बॅग करू (पिशवीत घालून पंपाने हवा ओढून दाबायचं), की साचा काढून इन्फ्युजन (साच्यातल्या कोरड्या कापडात पंपाने रेझिन ओढायचं)? पंपात पैसे घालायचे तर एकदाच जमतील.

मोरजीचा शेपर
भाऊ, साचा आत्ता नकोच. तोच आकार पन्नासदा काढायचा असेल तर त्याचा खर्च निघतो. तुम्ही दोन बोर्ड पाण्यात गेले की रॉकर (बोर्डाचा लांबीतला बाक) बदलाल, कडा जाड कराल.

व्हॅक्यूमने जादा रेझिन निघून बोर्ड हलका होतो, खरं आहे. पण पंप पूर्ण ओढला तर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ 1 किलो दाब येतो. बोर्डाचा थर्माकोल घनमीटरला 24 ते 32 किलोचा, तो चेपू शकतो. शिकाऊ दिवसभर डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूवर, गुडघे आपटतात. तिथे हलकेपणापेक्षा डेक पिचणार नाही हे बघा. हातानेच करा. 200 जीएसएमचं (चौरस मीटरला 200 ग्रॅम) फायबर कापड, खाली एक थर, डेकवर दोन.

होडीची मॅट (सुट्या आखूड धाग्यांची फायबर चटई) मात्र नको. तिचे धागे धरून ठेवणारा बाइंडर स्टायरीनमध्ये (पॉलिस्टर रेझिनमधला पातळ द्रव, थर्माकोल खातो तोच) विरघळतो, एपॉक्सीत ते नसतं, मॅट ताठच राहते. आणि सकाळी लावू नका. ऊन चढेल तशी थर्माकोलमधली हवा फुगते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येतात. संध्याकाळी हवा गार होत असताना लावा. कालवलेलं रेझिन डब्यात ठेवू नका, तापून धूर येईल. पसरट ट्रेमध्ये ओता.

पुण्याचा फायबरवाला
मी वेगळं सांगेन. तुमचा हात पॉलिस्टरवर बसलाय, तर पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा ब्लँक, म्हणजे बोर्ड कोरायचा तयार ठोकळा, घ्या, त्याला स्टायरीन खात नाही. 2005 च्या डिसेंबरात क्लार्क फोम ही ब्लँक बनवणारी कंपनी बंद पडेपर्यंत अमेरिकेत बहुतेक बोर्ड तसेच होत. एपॉक्सीच घेणार असाल तर हार्डनर (रेझिन कडक करणारा दुसरा भाग) अंदाजाने घालू नका. पॉलिस्टरमध्ये थोडं इकडेतिकडे चालतं, इथे प्रमाण चुकलं की चिकटच राहतं. ग्रॅमच्या काट्यावर मोजा. हातमोजे घालाच, एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पुढे हे कामच सोडावं लागतं.

देवबागचा होडीवाला
दोघांचे आभार. बाहेरून सहा ब्लँक आणायचे तर वाहतुकीतच पैसे संपतील, त्यामुळे थर्माकोल आणि हातकाम. सोनाराकडे असतो तसा काटा आणतोय. शनिवारी ऊन उतरलं की आधी दोन फुटी तुकडा करतो. गुडघा टेकवून बघतो आणि इथे फोटो टाकतो.