अकाउंट न उघडता व्हिडिओ-ट्वीट बघायला काय वापरता?

धरमपेठवाला: आईसाठी कूलरची खस कशी बदलायची तो एक व्हिडिओ काय पाहिला, तेव्हापासून फोनवर जिकडे तिकडे कूलरच दिसून राहिले बे. ट्रॅकिंग नसलेलं काही ओपन सोर्स आहे का?

बर्डी_४४: यूट्यूबसाठी इन्व्हिडियस बघ भाऊ, यूट्यूबचेच व्हिडिओ दाखवणारी वेगळी साइट आहे. पेज त्यांच्या सर्व्हरवरून येते, लॉगिन नाही, जाहिरात नाही, पण सेटिंगमध्ये व्हिडिओ प्रॉक्सी चालू कर, म्हणजे व्हिडिओही त्यांच्याच सर्व्हरमार्गे येईल, नाहीतर व्हिडिओ थेट गुगलकडूनच येतो अन् तुझा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) गुगलला दिसतोच, मग काय फायदा.

रात्रपाळी: त्याचे सार्वजनिक इन्स्टन्स, म्हणजे लोकांनी आपापल्या सर्व्हरवर चालवलेल्या साइट, सारखे ब्लॉक होतात पण. मी फोनवर यूट्यूबसाठी न्यूपाइप अ‍ॅप वापरतो, प्ले स्टोअरवर नाही, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपच्या स्टोअरवरून घे. ट्विटरसाठी तसंच निटर मस्त होतं, २०२४ च्या सुरुवातीला ते ज्यावर चालायचं ते ट्विटरचे गेस्ट अकाउंट बंद झाले अन् आडवं पडलं, आता चालवणाऱ्याला स्वतःचे अकाउंट जोडावे लागतात. रेडिटसाठी तसंच रेडलिब आहे.

बर्डी_४४: अन् इन्स्टन्स कोणाचा ते पाहून घे, तू काय पाहिलं त्याचा लॉग (नोंद) तो चालवणाराही ठेवू शकतो.

धरमपेठवाला: न्यूपाइप टाकलं. आई विचारून राहिली, खसवाल्याला कमेंट कुठून टाकू? 😅

रात्रपाळी: नाही टाकता येत, फक्त वाचता येतात. काकूंना सांग.