तिसरा दिवस लाईट नाही, आईचं इन्सुलिन चालंल का? (पलूस)

ऊसवाला_पलूस
परवा संध्याकाळी वळीव झाला, अर्धा तास नुसता वारा अन् गारा. वस्तीवरचं जांभळीचं झाड तारेवर आडवं झालंय, दोन पोल वाकलेत, तेव्हापासून लाईट नाही. तक्रार नोंदवली, फोन लागलाच तर काम चालू आहे एवढंच ऐकायला मिळतं. दोन म्हशींना हापशावरनं बादल्या ओढतोय, ते एकवेळ चालतंय. पण आईचं इन्सुलिन! एक पेन चालू आहे, दोन नवीन फ्रिजात होते, आता फ्रिज म्हणजे नुसतं कपाट झालंय. शेजारी म्हणतोय बर्फात पुरून ठेव. ठेवू का? आणि रात्री पोरं फांदी तोडून डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, पडलेला डीओ फ्यूज परत टाकणार आहेत, एक खाजगी वायरमन मिळालाय, घरटी 200 रुपये काढलेत. मी पण दिलेत.

मिरजेची_आक्का
बर्फात अजिबात नको! गोठलं की ते इन्सुलिन वाया, परत वितळलं तरी वापरायचं नाही. आमच्या ह्यांचं 2019 च्या पुरात माठात ठेवलेलं, माठात पाणी, त्यावर तरंगत्या स्टीलच्या डब्यात पेन, माठ सावलीत. चालू पेन तसाही फ्रिजबाहेर बरेच दिवस चालतो, बहुतेकांचा 28 दिवस, पण 30 डिग्रीच्या आत असला तर, तुमच्या खोक्यातल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. नवीन दोघांवर बाहेर काढल्याची तारीख टाका आणि मेडिकलवाल्याला विचारून घ्या. साखर रोज बघा, उगाच वाढायला लागली तर पेन बदला. फ्रिजातलं दूध राहिलंच असंल तर सोडून द्या त्याचा नाद.

तारवाला_रिटायर
दादा इन्सुलिनचं आक्कांनी सांगितलं, मी डीओचं सांगतो. 31 वर्षं पोलवर काढलीत. डीओ पडलाय म्हणजे लाईन मेली असं नसतं. आम्ही सबस्टेशनचं परमिट, म्हणजे लाईन बंद ठेवून काम करायची परवानगी, घेतल्याशिवाय आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावत नव्हतो. तुमचा खाजगी गडी कुणाचं परमिट घेणार? तो वर असताना सबस्टेशनातनं कुणी फीडर, म्हणजे तुमच्याकडं येणारी लाईन, चालू केला तर? आणि दुसरं, वस्तीवर जनरेटर कुणाकडं आहे? चेंजओव्हर (एका वेळी लाईट नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) न बसवता, दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसून जनरेटर चालवला की करंट मीटरमधनं उलटा बाहेर पडतो आणि डीपीतनं वर चढताना 230 व्होल्टचा हजारात जातो. वरचा माणूस जागेवर जातो. तुटलेली तार पडली असंल तर तिकडं म्हशी पण सोडू नका, ओल्या जमिनीत करंट उतरतो.

इन्व्हर्टर_कुपवाड
सातारा जिल्ह्यात कोयना 1960 मेगावॅटची आणि शेजारी आपण मेणबत्तीवर, असो. मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावा, गाडीतला चार्जर चालतो. 150 एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि दोन एलईडी रात्रभर निघतील, फ्रिज लावू नका. आणि लाईट आल्या आल्या सगळे प्लग काढून आधी एकच बल्ब लावून बघा. न्यूट्रल तुटला असंल तर घरात 400 व्होल्टपर्यंत येतो, आमचा टीव्ही तसाच गेला, बल्ब पांढरा फटक पेटला तेव्हा कळलं.

ऊसवाला_पलूस
माठ सापडला, डबा तरंगतोय, आई म्हणते आता प्यायचं पाणी कुठं ठेवू. जनरेटर आमच्याच चुलत्यांकडं आहे. जाऊन बघितलं, पिवळी वायर, दोन्ही टोकांना प्लग, काल रात्रभर पिठाच्या गिरणीशेजारी चालू होता. मेन स्विच पाडला होता का विचारलं तर म्हणाले, तो कशाला पाडायचा. वायर काढून घरी आणलीय, चुलते रुसलेत. पोरांना वर चढू दिलं नाही, वायरमन 200 रुपये परत द्यायला तयार नाही.