मदत हवी आहे: सहा कप्प्यांचं घडीचं खोकं, आतल्या कप्प्यांसकट सपाट राहणारं

नमस्कार मंडळी,

जरा लांब लिहिते आहे, कारण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच येतात.

मंडईजवळ आमचं पूजा साहित्याचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि जाऊबाई बघतो. गणपतीच्या आधी आम्ही पूजेचे संच भरतो: हळद, कुंकू, गुलाल, अष्टगंध, कापूर आणि सहाव्या जागी सुपाऱ्या, जानवं, कापसाची वस्त्रं. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तोवर सगळं बारक्या पिशव्यांतून जायचं. मग आम्ही कागदी पुड्या करून कागदी पिशवीत भरायला लागलो. पण पिशवीत पुड्या एकमेकींवर दबतात आणि फुटतात. गेल्या वर्षी एक आजी पिशवी परत घेऊन आल्या. जानवं गुलालाने माखलं होतं. त्या रागावल्या नाहीत, "देवाला हे कसं घालू गं?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून हे खोकं माझ्या डोक्यात आहे.

मला हवंय ते असं. खोकं उघडलं की तेच तबक व्हावं. झाकण मागे टाकलं की सहा कप्पे समोर, सरळ देवापुढे ठेवता यावं. कप्पा साधारण ७० × ७० मिमी, म्हणजे आतून २१० × १४०, उंची ४०. सगळं सपाट यायला हवं, कारण दुकानाच्या माळ्यावर ५०० उभी खोकी मावणार नाहीत. आणि डिंक नको. भरायला चार बायका बसतात, डिंक वाळेपर्यंत थांबलो तर दिवसाला पन्नाससुद्धा होणार नाहीत.

आतापर्यंत दोन डमी केल्या, दोन्ही घरी, ३५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३५० ग्रॅम) डुप्लेक्स बोर्डाच्या, म्हणजे एका बाजूने पांढऱ्या पातळ पुठ्ठ्याच्या. बाहेरचं खोकं मिठाईच्या खोक्यासारखं, लॉक कोपऱ्यांचं. ते जमलंय. घोळ सगळा आत आहे.

पहिल्या डमीत एक लांब आणि दोन आखूड पट्ट्या, निम्म्या उंचीपर्यंत खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या. दिसायला छान, पण पट्ट्यांच्या खालून पूड सरकते. खोकं तिरकं केलं की हळद कुंकवात. शिवाय लांब पट्टी सरळ उभीच राहत नाही, सापासारखी वळते. दुसऱ्या डमीत पट्ट्या तळाला दुमडून चिकटवल्या. गळती थांबली, पण डिंक आला, आणि आता ते सपाट होत नाही. शिवाय घडीवर बोर्डाचा पांढरा थर तडकला. घडीच्या रेषा मी कटरने हलक्या कापून घेतल्या होत्या.

आणखी एक अडचण प्रेसची. शनिवार पेठेतल्या छापखान्यात विचारलं तर ते म्हणाले, २३ × ३६ इंची शीटवर तीनच खोकी बसतात, चौथं थोडक्यात हुकतं. बरीच शीट वाया जाते आहे, ते मला खटकतंय.

तर खालून गळणार नाहीत असे कप्पे डिंकाशिवाय कसे करायचे? पट्टी का वळते? घडी का तडकते? आणि ते चौथं खोकं बसवता येईल का?

एक घरातली गोष्टही सांगते. सासऱ्यांची अट आहे की खोक्यावर देवाचं चित्र छापायचं नाही. पूजा झाली की खोकं कचऱ्यात जाणार, तिथे देव नको. मला ते पूर्ण पटतं. म्हणून बाहेर फक्त जास्वंद आणि दूर्वा आहेत.

प्रतिसाद १

ताई, तडकण्याचं आधी सांगतो. मी बत्तीस वर्षं डाय, म्हणजे बोर्ड कापायचे आणि घडी पाडायचे साचे, बनवतोय.

तुम्ही रेषा कापली. घडीची रेषा कापायची नसते, दाबायची असते. कापलं की वरचा थर तुटतो आणि दुमडताना उरलेला ताण त्याच जागी येतो. डायमध्ये कापायला धारेचं पातं असतं आणि घडीला बोथट, गोल डोक्याचं. दोन्ही एकाच फळीत बसतात. १८७९ साली ब्रुकलिनच्या रॉबर्ट गेअरच्या कारखान्यात बियाण्याच्या पिशव्यांवर घडी पाडणारी पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. एकाच दाबात कापणं आणि घडी दोन्ही होईल हे त्याला त्यावरून सुचलं, आणि घडीचं खोकं स्वस्तात निघायला लागलं. आजही आमच्या फळीत तेच आहे.

घरी डमी करताना संपलेली बॉलपेनची रिफिल घ्या. टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या समांतर चिकटवा, मध्ये बारीक फट ठेवा. फट किती? बोर्डाच्या जाडीच्या दीडपट, अधिक घडीच्या पात्याची जाडी. तुमचा बोर्ड साधारण ०.४५ मिमी आणि पातं ०.७, म्हणजे फट १.४ च्या आसपास. बोर्ड छपाईची बाजू वर करून त्यावर ठेवा, रिफिल पट्टीच्या कडेने दाबून ओढा. मागच्या बाजूला वळ उठेल. दुमडताना तो वळ आतल्या बाजूला यायला हवा. उलटं दुमडलंत तर पुन्हा तडकेल.

पट्टी सापासारखी वळते ती ग्रेनमुळे. बोर्ड यंत्रावर ज्या दिशेने चालतो त्या दिशेने त्याचे तंतू लोळतात. त्या दिशेला तो ताठ, आडवा लवचिक. बहुधा तुम्ही उरलेल्या तुकड्यांतून पट्ट्या कापल्या आणि तंतू उभे आले. लांब पट्टीत ते लांबीच्या दिशेने हवेत. ओळखायला सोपं आहे. एकाच मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक शीटच्या लांबीत, एक रुंदीत. दोन्ही एका टोकाला धरून आडव्या ठेवा. जी जास्त लोंबेल तिचे तंतू आडवे.

प्रतिसाद २

मी पॅकेजिंगचं काम करते, भोसरीत. आजींचं वाचून राहवलं नाही, म्हणून रात्री बसून कागदावर काढलं.

चौथं खोकं उंचीमुळे हुकतंय. तुमच्या ब्लँकची, म्हणजे न दुमडलेल्या सपाट तुकड्याची, रुंदी २१० + ४० + ४० = २९०. अशी दोन शेजारी ठेवली की ५८०. शीट २३ इंच म्हणजे ५८४ मिमी. उरले ४ मिमी, त्यात ग्रिपरला, म्हणजे मशीन शीट पकडतं त्या कडेला, जागाच नाही. उंची ४० ऐवजी ३५ करा. रुंदी २८०, दोनाला ५६०, उरले २४. ग्रिपरला १२ गेले तरी चालतं. दुसऱ्या दिशेने समोरची भिंत, तळ, मागची भिंत, झाकण, झाकणाची पुढची पट्टी मिळून ३८५, दोनाला ७७०. शीट ९१४ आहे, तेव्हा काहीच अडत नाही. चार खोकी बसली. पुड्यांना ३५ ची उंची पुरते, नाही का?

आता कप्पे. वेगळी पट्टी तळावर उभी करायचीच नाही. तळाचाच कागद वर चिमटून घ्या, जशी साडीची निरी घेतो तशी. आत बसणारा एक सलग तुकडा घ्या, १४० रुंद. त्यात दोन निऱ्या, प्रत्येक ३३ उंच. एका निरीला ३३ दुणे ६६ कागद लागतो, म्हणजे लांबी २१० + १३२ = ३४२. (खोक्यात सहज उतरायला तळाच्या भागातून एखादा मिमी कमी धरा.) तळ आणि भिंत एकच कागद असल्यामुळे खालून पूड जायला वाटच नाही, आणि तुकडा उघडून ठेवला की पुन्हा सपाट. तीन खण झाले.

लांबीतला दुभाजक वेगळा करायचा, पण तोही दुहेरी. ३३ + ३३ ची घडी आणि दोन्हीकडे १५ ची पावलं बाहेर वळलेली, म्हणजे उलट्या टीसारखा. एकूण २१० × ९६ चा तुकडा. पावलं तळावर टेकतात, त्यांच्यावर सामान बसतं, डिंक लागत नाही. निरीच्या माथ्यावर खाच १६.५ खोल. निरी सपाट असताना ती माथ्याच्या रेषेला आडवी ३३ लांबीची दिसेल, डाय काढणाऱ्याला हे मुद्दाम सांगा, नाहीतर निम्मी पाडतात. दुभाजकाला खालून १७ ची खाच, आणि पावलंही त्या जागी चिरलेली. दोन्हीकडे दुहेरी बोर्ड अडकणार आहे, म्हणून खाचेची रुंदी एका बोर्डाची नको. दोन बोर्ड ०.९ होतात, खाच १.२ ठेवा.

शीटचा हिशेब: आतले तुकडे एका शीटवर ८ बसतात आणि बाजूला २३० ची पट्टी उरते, तिच्यात दुभाजक ५. खोक्यांच्या शीटवर जी १४४ ची पट्टी उरते तिच्यात आणखी २. तेव्हा ५०० ला खोक्यांच्या १२५ शीट, आतल्या ६३, आणि दुभाजकांना वेगळी शीट लागतच नाही. वर मशीन लावताना खराब होणाऱ्या पंचवीसेक शीट धरा.

ग्रेनचं मात्र नीट बघा. खोक्यांच्या शीटला तंतू २३ इंचाच्या दिशेने मागा, म्हणजे ते तळाच्या २१० च्या बाजूने जातील. आतल्या शीटला ३६ च्या दिशेने. असं केलं की दोन्हीकडचे दुभाजक लांबीत ताठ निघतात. विक्रेत्याला आधी सांगितलं नाही तर हाताला लागेल ती शीट देतात.

प्रतिसाद १ (पुन्हा)

या ताईंनी सांगितलेलं काम चांगलं आहे. दोन गोष्टी जोडतो.

निरीत तीन घड्या आहेत. खालच्या दोन एका बाजूला वळतात, माथ्याची उलटी. डाय एकाच बाजूने दाबतो, त्यामुळे माथ्याची घडी वळाच्या विरुद्ध पडणार. तिथे सलग घडी न ठेवता कट-क्रीझ घ्या, म्हणजे थोडा कट, थोडी घडी, अशी तुटक रेषा. माथा झाकणाखाली असतो, तुटक दिसलं तरी चालतं.

दुसरं, १.२ च्या खाचेतला कचरा फळीत अडकून बसतो. खाचेचं तोंड ३ मिमी करा आणि आत निमुळतं १.२ वर आणा. कचरा सुटेल आणि भरणाऱ्या बायकांना खाच पटकन सापडेल.

प्रतिसाद ३

पूड सुटी भरणार असाल तर नका भरू. पुठ्ठ्याचं लॉक कोपऱ्यांचं खोकं पूड धरत नाही, कोपऱ्यांतून झिरपतेच. आमचं किराणा दुकान आहे, त्यावरून सांगतो. पुडी तशीच ठेवा, बटर पेपरची, आपली पूर्वीची बांधणीची. पूजेच्या वेळी ज्याने त्याने कप्प्यात सोडावी.

कापराचं वेगळं. तो उघडा ठेवला की उडून जातो आणि सगळ्याला वास लागतो. घट्ट झाकणाच्या डबीतच हवा.

आणि संच म्हणून विकताय तर खोक्यावर किंमत, वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, दुकानाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळं छापावं लागतं, वैधमापनाचे २०११ चे पॅकेज्ड कमॉडिटीजचे नियम आहेत. डिझाइन पक्कं होण्याआधी तळाला जागा सोडा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. काल बोहरी आळीतून नवीन बोर्ड आणला, दुकानातच दोन पट्ट्या कापून लोंबवून बघितल्या. मालकांनी विचारलं, ग्रेन बघताय का, आणि मग स्वतःच दुसऱ्या गठ्ठ्यातली शीट काढून दिली.

तिसरी डमी झाली. निरीचा तुकडा पहिल्याच प्रयत्नात उभा राहिला. रिफिलने घडी दाबली, कुठेच तडकली नाही. ताईंनी सांगूनही माथ्यावरची खाच मी आधी १६.५ चीच पाडली होती, दुमडल्यावर निम्मी खोल आली, मग ३३ केली. दुभाजक खट्टकन बसला. सगळ्या कप्प्यांत मुद्दाम सुटी पूड भरून खोकं चारही बाजूंनी तिरकं केलं. निऱ्यांच्या खालून काहीच गेलं नाही. निरीचं टोक बाहेरच्या भिंतीला जिथे टेकतं तिथून मात्र गुलालाची बारीक रेघ पलीकडे आली.

पुड्यांचं दादांचं म्हणणं मान्य. सासऱ्यांना सांगितलं तर त्यांनी लगेच बटर पेपर मागवला आणि जाऊबाईंच्या मुलीला पुडी बांधायला शिकवायला बसले. कापराला पत्र्याची डबी, ७० च्या कप्प्यात नीट बसते.

प्रेसवाल्यांनी बाहेरून प्लास्टिकचं लॅमिनेशन सुचवलं होतं. ते नको सांगितलं, पाण्याचा वार्निश करतोय. म्हणजे खोकं रद्दीत तरी जाईल.

आता एकच विचारायचं राहिलंय, भोसरीच्या ताईंना आणि काकांना. निरीची टोकं भिंतीशी बंद कशी करू? निरीला दोन्ही टोकांना जीभ काढून भिंतीतल्या चिरेत घालावी, असं मनात आहे, पण बाहेरून चीर दिसेल आणि ती जास्वंदीच्या पानावरच येते. की तुकड्याच्या दोन्ही कडांना पट्टी ठेवून ती भिंतीला आतून उभी करू? तसं केलं तर १४० चे अंदाजे २०० होतील आणि शीटवर आठ बसणार नाहीत. डायवाल्यांकडे सोमवारी जायचंय.

प्रतिसाद २

जीभ नको. पूर्ण कडेला पट्टीही नको. फक्त निरीच्या टोकाला ८ मिमीचा कान ठेवा, दोन्ही थरांना, आणि बसवताना ते दोन कान विरुद्ध दिशांना वळवून भिंतीला टेकवा. खणात भरलेली पुडी त्यांना दाबून धरेल. १४० चे १५६ होतात. शीटच्या रुंदीत चाराऐवजी तीन बसतील, म्हणजे आठाऐवजी सहा, ६३ च्या जागी ८४ शीट. खोकी चार बसवून वाचवलेल्या शीटमधून तेवढं परवडेल. कानाची घडी ग्रेनला समांतर येते, ती सहज वळेल. मापं घालून की-लाइन, म्हणजे कापायच्या-दुमडायच्या रेषांचा आराखडा, काढते, रविवारी संध्याकाळपर्यंत इथेच टाकते.