जांभ्याच्या मातीत डिटेक्टर सारखा ओरडतो

प्रश्न: राजापूरला घराच्या परसात आईची सोन्याची अंगठी पडली. तीन हजारांचा मेटल डिटेक्टर (धातू शोधणारं यंत्र) घेतला, पण पावलागणिक पीं-पीं करतो. काय चुकतंय?

उत्तर: ताई, मशीन बिघडलेलं नाही. जांभ्यात लोह भरपूर, त्याचाच हा गोंगाट. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, अर्ध्यावर आणा. कॉइल (दांड्याच्या टोकाची गोल तबकडी) जमिनीला समांतर, दोन बोटं वर धरून अगदी सावकाश फिरवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढू द्या. देवगडला मला बायकोचं पैंजण असंच सापडलं, तिसऱ्या दिवशी.

उत्तर: डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू वगळायची सोय, फार वाढवू नका, खिळ्यांबरोबर बारीक सोनंही वगळलं जातं. आधी दुसरी अंगठी दोऱ्याला बांधून दोन इंच पुरा, तिचा आवाज कानात बसू द्या.

प्रश्नकर्ती: पुरून पाहिली, फरक कळला! उद्या विहिरीकडून सुरू करते.