कोकणातले घर आणि पावसाळी भटकंती: विजेरी कोणती घ्यावी?

पडवीकर

नमस्कार. माझे आईवडील श्रीवर्धनजवळच्या आमच्या जुन्या कौलारू घरात राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा वाडीतल्या सुपाऱ्या कमरेतून मोडून पडल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि आमच्या आळीत महिनाभराहून अधिक काळ वीज नव्हती. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. त्यानंतर दोघांनी मोबाइलच्या उजेडात जेवणे उरकली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोबाइलही बंद पडले आणि तीन दिवस मला त्यांची काहीच खबर लागली नाही.

या पावसाळ्याआधी त्यांच्यासाठी उजेडाची नीट सोय करावी, असे मनात आहे. मी स्वतःही पावसाळ्यात सह्याद्रीत हिंडतो, त्यामुळे दोन्हीकडे चालेल अशी एकच चांगली विजेरी घ्यावी असा विचार होता. मात्र ऑनलाइन दुकानांत दहा हजार, वीस हजार ल्युमेनचे दावे पाहून गोंधळ उडाला आहे. शिवाय लिथियम सेलची घ्यावी की साध्या पेन्सिल सेलची, हेही ठरत नाही. एकूण तीन हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे.

घाटवाट

एकच विजेरी हा विचार आधी सोडून द्यावा, असे मी सुचवेन. तुम्ही ती घेऊन हरिश्चंद्रगडावर असाल त्याच रात्री श्रीवर्धनला वीज जाणार, हे गृहीत धरूनच चालावे.

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर पोहोचेल हे मात्र झोत किती एकवटलेला आहे यावर ठरते आणि त्याचे माप कँडेला. नामांकित कंपन्या एएनएसआय एफएल-१ या मानकाप्रमाणे मोजमाप छापतात. त्यात झोताचे अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सवर, म्हणजे साधारण स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरतो ते अंतर. याचाच अर्थ खोक्यावर २०० मीटर लिहिले असले, तरी २०० मीटरवरची पायवाट तुम्हाला नीट दिसेल असे नाही. झोताचे अंतर दुप्पट हवे असेल, तर कँडेला चौपट लागतात.

त्याहून फसवा आकडा तासांचा असतो. याच मानकात विजेरी सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी जो उजेड असतो, तो एक दशांशावर येईपर्यंतचा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरला जातो. त्यामुळे ‘४० तास’ या शब्दांमागे दोन तास लख्ख आणि उरलेले अडतीस तास मिणमिणते, असेही असू शकते. उजेड किती वेळ स्थिर राहतो याचा आलेख देणारी कंपनी मिळाली, तर डोळे झाकून तिचीच घ्यावी.

चढउतारासाठी मला १०० ते १५० ल्युमेन पुरतात, मुक्कामाला २० सुद्धा जास्त होतात. हात मोकळे राहावेत म्हणून हेडलॅम्पच, म्हणजे कपाळाला पट्ट्याने बांधायची विजेरी, घ्यावा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर एका हातात विजेरी धरून चढणारे लोक पाहिले की अजूनही पोटात गोळा येतो.

ओहमचा नियम

सेलचे गणित मी मांडतो, म्हणजे वीस हजार ल्युमेनचा निकाल आपोआप लागेल.

चांगला १८६५० लिथियम सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) साधारण ३००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) आणि ३.६ व्होल्टचा असतो, म्हणजे त्यात सुमारे ११ वॉट-तास ऊर्जा मावते. विजेरीतला एलईडी एका वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देतो असे धरले, तर एका सेलमधून १०० ल्युमेन दहा-अकरा तास मिळतील. हजार ल्युमेन हिशेबाने तासभर मिळायला हवेत, पण तेवढ्यात अंग इतके तापते की बहुतेक विजेऱ्या काही मिनिटांतच स्वतःहून उजेड कमी करतात. मुठीत मावणारी विजेरी वीस हजार ल्युमेन द्यायला लागली, तर ती हातात धरवणार नाही. १८६५० सेलवर ९९०० एमएएच असे छापलेले दिसले, तर तो सेल सरळ परत करावा, कारण त्या आकारात साडेतीन हजारांच्या आसपास मजल संपते.

आता लिथियम की पेन्सिल सेल? तुमच्यासाठी लिथियम आणि आईवडिलांसाठी पेन्सिल सेल, असे माझे उत्तर आहे. आळीत महिनाभर वीज नसताना चार्ज करण्याची विजेरी हा नुसता डबा असतो. सौरकंदिलावरही भर पावसाळ्यात फार विसंबू नये, कारण आठवडाभर आभाळ भरलेले असले की त्याची बॅटरी भरतच नाही. पेन्सिल सेल मात्र गावच्या वाण्याकडेही मिळतात. फक्त अल्कलाइन सेल वर्षानुवर्षे विजेरीत ठेवू नयेत. ते पाझरतात, पितळी पट्टीवर पांढरी भुकटी जमते आणि ऐन वेळी विजेरी लागत नाही. सेल बाहेर काढून विजेरीसोबतच पिशवीत बांधून ठेवावेत. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत.

लिथियम विजेरी सॅकमध्ये ठेवताना मागची टोपी पाव फेरा सैल करावी, म्हणजे बटण दाबले जाऊन ती आतल्या आत पेटत नाही. माझी एकदा सॅकमध्येच पेटली होती आणि शेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्याला भोक पडले होते.

काजळी

वरची सगळी गणिते योग्य असतील, पण घरात राहणाऱ्यांच्या बाजूनेही थोडे लिहिते. मी गुहागरची आहे.

विजेरी टेबलावर उभी करून झोत छतावर टाकावा म्हणजे खोलीभर उजेड होतो, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो स्लॅबच्या पांढऱ्या छतासाठी ठीक आहे. आमच्या माजघरात वर धुराने काळे झालेले वासे आणि कौले आहेत, ती सगळा उजेड गिळून टाकतात. आम्ही पाच लिटरचा दुधी रंगाचा प्लॅस्टिकचा कॅन पाण्याने भरतो आणि हेडलॅम्पचा दिवा आतल्या बाजूला करून पट्टा कॅनभोवती आवळतो. सगळा कॅन मंद उजळतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि ३० ल्युमेनवर पाचजणांचे जेवण निवांत होते.

मेणबत्त्या आणि चिमणी शक्यतो टाळाव्यात. वाऱ्यापावसात दारेखिडक्या घट्ट लावलेल्या असतात आणि अशा खोलीत जळणारी वात रात्रभर ठेवणे जिवावर बेतू शकते. नुकतेच वादळ होऊन गेले असेल आणि सिलिंडर हललेला असेल, तर काडी पेटवूच नये.

दुसरे म्हणजे साप. पावसाळ्यात मण्यार रात्री फिरते, आणि फुरसे इतके लहान आणि मातीच्या रंगाचे असते की पाचोळ्यात ते चटकन कळतही नाही. न्हाणीघराकडे किंवा वाडीत जाताना लांब झोतापेक्षा पायापुढची चार हात जमीन स्वच्छ दाखवणारा पसरट उजेड महत्त्वाचा. बटण एकच असावे आणि ते दाबल्याबरोबर उजेड व्हावा. लुकलुकणे, लाल दिवा, तीन वेळा दाबले की अमुक, असले प्रकार सत्तरीच्या माणसाच्या हाती देऊ नयेत.

घाटवाट

पावसाळी भटकंतीबद्दल एक राहिले. धुक्यात हेडलॅम्प कपाळावर ठेवला की समोरच्या थेंबांवरून उजेड थेट डोळ्यांत परततो आणि पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी विजेरी हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरावी आणि झोत तिरपा जमिनीवर टाकावा, वाट लगेच उमटते. म्हणूनच हेडलॅम्पसोबत एक छोटी हातविजेरी असावी. आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण, तर आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपल्याकडच्या पावसात दुसरेच पाहावे, आणि चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट बसते ना, हे दर वेळी तपासावे.

वाट चुकलात तर मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवावा, मग एक मिनिट थांबून पुन्हा तसेच करावे. ही डोंगरातली आंतरराष्ट्रीय खूण आहे आणि मिनिटाला तीन वेळा उजेड दिसला, तर तुमची हाक पोहोचली असे समजावे. मोबाइलचा उजेड यासाठी वापरू नये, तो ११२ लावण्यासाठी राखून ठेवावा.

पडवीकर

सर्वांचे मनापासून आभार. शेवटी घरासाठी तीन पेन्सिल सेलवर चालणारे दोन साधे हेडलॅम्प आणि माझ्यासाठी १८६५० सेलची एक हातविजेरी घेतली. हिशेब अठ्ठावीसशेवर थांबला.

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो, तेव्हा रात्री जेवणाच्या वेळी न सांगता मेन स्विच बंद केला. आईने अंधारात चाचपडत स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा हेडलॅम्प काढला आणि काजळीताईंच्या युक्तीप्रमाणे पाण्याच्या कॅनला बांधला. मीठ कुठे आहे, एवढे मात्र तरीही विचारावे लागले. वडिलांनी डोक्याला पट्टा लावायला साफ नकार दिला. त्यांनी तो गळ्यात अडकवला आणि वाडीत चक्कर मारून आले. परत आल्यावर म्हणाले की असा लावला की समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड पडत नाही, आणि पायाखालचे मात्र सगळे दिसते.