खाजनाचे बांध: चिखलाचे की सिमेंटचे?

मांडवीकाठ: गोव्यातल्या खाजनांचे, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या भातशेतांचे, फुटके बांध काँक्रीटने बांधून काढा, ही मागणी पुन्हा जोर धरतेय. माझा ठाम विरोध. जुन्या बांधाचा गाभा खाडीतल्या चिकट चिखलाचा, त्यात भाताचा पेंढा तुडवलेला. लाटा लागतात तिथे बाहेरून जांभ्या दगडाची बिनचुन्याची रचाई. चिखल खचला की दगडही त्याच्याबरोबर बसतो. काँक्रीट बसत नाही. खाली पोकळी होते, तडा जातो, आणि तो दिसेपर्यंत खारे पाणी शेतात आलेले असते.

बार्देसकर: आणि डागडुजी कोण करणार? कुर्ल्यांची बिळे चिखल ठासून बुजवायची, खचलेला माथा चढवायचा, तेही दरवर्षी. गावकरी, म्हणजे गावाची जुनी सामाईक संस्था, हे करून घेत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले, आणि त्यांतले कितीतरी कागदावरच आहेत. बार्जच्या लाटा आदळतात तिथे चिखल धुपतच राहतो.

मांडवीकाठ: तिथे दगडी अस्तर हवेच. बाहेरच्या अंगाला खारफुटीही हवी, लाटेचा जोर ती मोडते. बांधावर मात्र रुजू द्यायची नाही. मुळांच्या वाटेने पाणी झिरपते.

पोंयकाठ: दोघेही बांधावरच अडलात. खाजन बुडते ते बरेचदा मानशीपाशी (बांधातली पाण्याची दारे असलेली वाट). तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. फळीत बोटभर फट राहिली तरी प्रत्येक भरतीला पाणी आत. त्यात मासे धरायचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने जातो. बोली जिंकणाऱ्याला सुंगटे, शेवटे, चोणक हवेत, म्हणून तो भरतीला दारे अडकवून उघडी ठेवतो. पोंय, म्हणजे मानशीच्या आतला पाणसाठा, तुडुंब भरते आणि खार शेतात चढतो. मग जूनच्या पावसाने मीठ धुऊन निघायला उशीर, आणि कोरगुटाचे, म्हणजे खार सोसणाऱ्या देशी भाताचे, मोड आलेले बी फेकायलाही उशीर. काँक्रीटचा बांध यावर काय करणार?

बार्देसकर: मानशीचे पटले. पण कोरगूट उंच वाढून लोळते, उताराही कमी. त्याच्यासाठी कोण राबेल?

पोंयकाठ: जुने गोवेच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) केंद्राने कोरगुटातूनच निवडून गोवा धान-१ आणि २ हे वाण काढलेत, ते लावा. आणि पावणीचा पैसा आधी मानशीच्या फळ्यांना, मग बांधाला. दुसरीकडे वळवायचाच नाही.

बार्देसकर: तो हिशेब संघाने गावासमोर मांडला, तर चिखलाला माझी हरकत नाही. तोवर मी काँक्रीटच मागणार.