गंभीर आजारात मरणाशी समेट कसा करावा?

प्रश्न (कोथरूड, वय ६४)
फुप्फुसांच्या फायब्रोसिसचे निदान होऊन दोन वर्षे झाली. औषधांनी आजाराचा वेग मंदावतो, पण फुप्फुसांत पडलेले व्रण भरून येत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. ऑक्सिजनचे यंत्र रात्रभर घुरघुरत असते आणि त्याची लांब नळी ओलांडून पत्नी स्वयंपाकघरात जाते. गुरुवारी वीज गेली की आम्ही दोघेही काही न बोलता कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे पाहतो. मरणाचा विषय काढला की मुलगा ‘बाबा, अभद्र बोलू नका’ म्हणत उठून जातो. अशा आजारात ज्यांचे मन शांत झाले, त्यांचे ते कसे झाले? (पुस्तके कृपया सुचवू नयेत; वाचून झाली आहेत.)

प्रतिसाद १ (सिंहगड रस्ता)
माझा कर्करोग हाडांत पसरला आहे. ज्याला मी मरणाची भीती म्हणत होते, ती बहुतांशी वेदनेची भीती होती, हे मला वारज्याला गेल्यावर उमगले. तेथील सिप्ला या औषध कंपनीच्या वेदनाशमन केंद्रात १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा होते. वेदना आटोक्यात आल्यावर उरलेली भीती फार मोठी नव्हती, मात्र ती गेली असेही नाही. आपल्याला गुदमरण्याचे भय अधिक वाटत असावे. तसे असेल, तर आधी त्यावरचे औषध विचारावे, अध्यात्म नंतर.

प्रतिसाद २ (औंध)
माझ्या वडिलांना हाच आजार होता. धाप असह्य झाली तेव्हा डॉक्टरांनी अत्यल्प मात्रेत मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचे औषध, दिले. नाव ऐकूनच आम्ही हादरलो होतो, पण त्यानंतर वडील रात्री झोपू लागले. फुप्फुसतज्ज्ञांकडे हा विषय आपणच काढावा.

प्रतिसाद ३ (नारायण पेठ)
शेवटी कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. वेळ आल्यावर निर्णय घेणाऱ्या आप्ताचे नाव त्यात लिहावे लागते. ते नाव मुलाचे लिहू का, एवढेच त्याला विचारा. मरणावर बोलायला न बसणारा माणूस कागद वाचायला बसतो.

प्रश्नकर्ता
काल गुरुवार होता. वीज गेल्यावर सिलिंडर मुलानेच उघडला आणि प्रवाह किती लिटरवर ठेवायचा, हे प्रथमच विचारले. कागदाचेही मी तेव्हाच बोललो. त्याने होकार दिला नाही, पण उठूनही गेला नाही.